आठ रात्री, रेल्वे आणि जपानमधली जुनी गावं: पहिल्या फेरीची आखणी

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच जपानला निघालेत, सोबत ६७ वर्षांच्या आई. तिघंही शाकाहारी. हातात आठ रात्री. टोकियो, हाकोने, ताकायामा, शिराकावागो, कानाझावा, क्योटो, नारा आणि हिरोशिमा, एवढं सगळं रेल्वेने बसवायचंय. काचेच्या इमारती नकोत, जुनी लाकडी घरं आणि दगडी गल्ल्या हव्यात. आणि जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांनी ठराविक दिवस हवं तितकं फिरू देणारा पास, घ्यावा का?

आधी तुमच्या यादीवर काट मारतो. हिरोशिमा, हाकोने आणि नारा या वेळी काढून टाका. ठिकाणं उत्तमच आहेत, पण आठ रात्रींत आठ ठिकाणं कोंबली की रोज सकाळी बॅगा भरा, दुपारी नवं स्टेशन, संध्याकाळी नवं हॉटेल शोधा. आईंच्या लक्षात जपान म्हणून फलाट आणि सरकते जिने एवढंच राहील. गावं मोजू नका, रात्री मोजा. माझी वाटणी अशी: टोकियो २, किसो या डोंगरी खोऱ्यातलं जुनं गाव त्सुमागो १, ताकायामा २, कानाझावा १, क्योटो २. विमानाने टोकियोला उतरायचं आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्यायचं. जाता-येता दोन्ही टोकियोच ठेवलंत, तर क्योटोहून उलटं यायला माणशी १४,००० येनच्या आसपास आणि वर अर्धा दिवस जाईल. एक येन म्हणजे अलीकडे साधारण ५५ ते ६० पैसे. त्यावरून हिशेब करा.

एवढी काटछाट कशासाठी, तर या जुन्या गावांचं वेळापत्रक उलटं असतं. सकाळी दहाच्या सुमारास सहलींच्या बस येतात आणि चारनंतर परततात. मधल्या वेळात मुख्य गल्लीत घरं कमी आणि माणसांच्या पाठी जास्त दिसतात. पाचला दुकानांच्या फळ्या लागतात, दारावरचे कंदील लागतात आणि मुक्कामी असलेली मोजकी माणसं उरतात. तुम्हाला जे पाहायचंय ते संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ या वेळात असतं. शहरात राहून गावाला दिवसाची चक्कर मारणारा माणूस नेमकी तीच वेळ गाडीत किंवा हॉटेलच्या लॉबीत घालवतो. त्यामुळे निदान एक रात्र तरी अगदी लहान गावात काढाच, खिशाला थोडं जड गेलं तरी.

आता रेल्वेबद्दल, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, एदो (आजचं टोकियो) आणि क्योटो यांना जोडणारे दोन मोठे रस्ते होते. एक समुद्राकडेने जाणारा तोकाइदो, दुसरा डोंगरातून जाणारा नाकासेन्दो. नाकासेन्दोवर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातली ११ किसो खोऱ्यात. पुढे तोकाइदोच्या पट्ट्यात रेल्वे आली, कारखाने आले, १९६४ साली शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन आली आणि तिथली बहुतेक जुनी गावं शहरांच्या पोटात गेली. किसो खोऱ्यातली चुओ लाईन १९११ मध्ये पूर्ण झाली, पण ती नदीकाठाने गेली आणि त्सुमागो बाजूला पडलं. वाटसरू संपले, धंदा बसला, तरुण मंडळी शहराकडे गेली. जुनं घर पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता, म्हणून घरं उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये आपसात ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने संरक्षित जुन्या वस्त्यांची पहिली यादी केली, तिच्यात त्सुमागो होतं. आजही तिथे मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्यांना बंदी आहे आणि विजेच्या तारा घरांच्या मागून नेलेल्या आहेत.

आखणी करणाऱ्याने यातून एवढं घ्यायचं: रेल्वे ज्याच्या दारात गेली नाही तेच गाव टिकलं, तेव्हा शेवटचे काही किलोमीटर बसचे असणार. शिन्कान्सेनची काळजी करू नका, एक चुकली तर थोड्याच वेळात दुसरी. तुमचा दिवस ठरतो तो दिवसातून मोजक्याच धावणाऱ्या गावच्या बसवर, आणि मुक्कामाच्या घरी सहाला वाढल्या जाणाऱ्या जेवणावर. आखणी नेहमी त्या बसपासून उलटी करत या. विमानतळापासून सुलटी करत गेलात तर हमखास संध्याकाळी साडेपाचला एखाद्या निर्मनुष्य स्टेशनबाहेर उभे राहाल.

टोकियोच्या दोन रात्रींबद्दल फार सांगत नाही. पहिला दिवस रात्रभरच्या विमानाच्या थकव्यात जातो. हॉटेल उएनो किंवा टोकियो स्टेशनच्या आसपास घ्या. शिंजुकूच्या अवाढव्य स्टेशनात बॅगा आणि वयस्कर माणूस घेऊन योग्य दार शोधत बसण्यात काही मजा नाही. दुसऱ्या दिवशी उएनोपासून चालत यानाकाला जा, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून बरीचशी वाचलेली वस्ती आहे. देवळं, दफनभूमी, अरुंद गल्ल्या आणि उन्हात पसरलेली मांजरं.

त्याच दिवशी संध्याकाळी एक काम करा, सगळ्या दौऱ्याची चव त्यावर ठरते. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवर देऊन थेट ताकायामाच्या हॉटेलला पाठवा. या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात; काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी सगळ्यांत जास्त दिसते. फॉर्म हॉटेलवालेच भरून देतात. तुम्ही फक्त ताकायामात पोचण्याची तारीख आणि आरक्षण ज्या नावाने आहे ते नाव नीट लिहायला सांगा. एका बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन पडतात आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते, त्यामुळे दोन दिवसांचं अंतर आरामात पुरतं. पाठीवर एका रात्रीचे कपडे, औषधं आणि खाऊ. किसोच्या गावात चार चाकांची बॅग दगडी चढावरून खडखडवत नेणारी माणसं पाहिली की मला त्यांच्यापेक्षा त्यांना प्लॅन करून देणाऱ्याचा राग येतो. आणखी एक नियम माहीत असू द्या: तोकाइदो शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर सामानाच्या जागेसह असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते.

तिसरा दिवस या दौऱ्याचा गाभा आहे, तो जरा तपशिलात सांगतो. टोकियोहून आठच्या सुमाराची नोझोमी, म्हणजे सगळ्यांत वेगवान शिन्कान्सेन, पकडा, नागोयाला साधारण १ तास ४० मिनिटांत पोचते. नागोयाच्या दिशेने जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, म्हणून दोन सीटच्या बाजूची ई क्रमांकाची खिडकी मागा. सुटल्यापासून पाऊण तासाच्या आत डोळे उघडे ठेवा. नोव्हेंबरची कोरडी हवा असेल तर दर्शन होण्याची शक्यता चांगली. नागोयाला शिनानो एक्स्प्रेस घ्या, नाकात्सुगावापर्यंत पन्नासेक मिनिटं. ही गाडी वळणांवर मुद्दाम आत कलते, घाटात वेग कमी करावा लागू नये म्हणून. आईंना गाडी लागत असेल तर गोळी नागोयालाच द्या.

नाकात्सुगावाला बस पकडण्याआधी स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानातून कुरी किंतोन घ्या. शरद ऋतूत मिळणारी ही मिठाई म्हणजे उकडलेल्या चेस्टनटचा लगदा आणि साखर, फडक्यात पिळून पुडीसारखा आकार दिलेला. अंडं नाही, जिलेटिन नाही. शाकाहारी माणसाला जपानमध्ये डोळे झाकून खाता येतील अशा गोष्टी थोड्या, त्यातली ही एक.

बस अर्ध्या तासाच्या आत मागोमेच्या पायथ्याशी सोडते. मागोमे म्हणजे चढावर वसलेली एकच दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, पाणचक्की, मागे एना डोंगर. हे गाव १८९५ आणि १९१५ च्या आगींत जळलं होतं, त्यामुळे घरं त्सुमागोइतकी जुनी नाहीत. थोडं सजवल्यासारखंही वाटतं. इथे तासभर पुरे. बाहेरच निखाऱ्यावर भाजत असलेलं गोहेई मोची खा: भात कुटून काडीवर थापलेला, वर अक्रोड-तीळ आणि सोया सॉस किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) लेप. लेपात काय आहे ते तेवढं विचारून घ्या.

मागोमे ते त्सुमागो ही जुन्या नाकासेन्दोवरची पायवाट साधारण ८ किलोमीटर. आधी ८०० मीटरच्या आसपास उंचीच्या खिंडीपर्यंत चढ, मग लांबलचक उतार. सावकाश चालून अडीच ते तीन तास. मागोमेकडूनच निघा, उलट दिशेने चढ जास्त आहे. वाटेत देवदारासारखी सुगी आणि सायप्रसची झाडी, पाट, एक-दोन घरांच्या वाड्या. ठिकठिकाणी खांबाला घंटा टांगलेल्या आहेत, त्या जाता-येता वाजवायच्या, म्हणजे अस्वलांना माणसाची चाहूल लागते. चेष्टा समजू नका, शरद ऋतूत अस्वलं खरोखर खाली येतात. खिंड ओलांडल्यावर थोड्या वेळाने डाव्या-उजव्या हाताला पाहत राहा, एक जुनं लाकडी चहाघर लागतं. आत जमिनीतल्या चुलीवर किटली टांगलेली असते आणि स्थानिक स्वयंसेवक फुकट चहा देतात. दानपेटीत काही नाणी टाका आणि धुरकट अंधारात दहा मिनिटं टेका.

आईंनी हे चालायलाच हवं असं मुळीच नाही. मागोमेहून नागिसोला जाणारी बस खिंडीवरून आणि त्सुमागोवरून जाते. तुमच्यापैकी एकजण त्यांच्यासोबत बसने जाऊ शकतो, किंवा तिघंही खिंडीच्या थांब्यावर उतरून फक्त उताराचा भाग चालू शकता. गुडघे कुरकुरत असतील तर उतारही सोपा नसतो, हे लक्षात ठेवून आदल्या रात्री ठरवा. बसच्या वेळांचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवा. खिंडीत बस चुकली तर टॅक्सी शोधत बसावं लागेल, आणि ती सहज सापडणार नाही.

त्सुमागोत मिन्शुकू म्हणजे घरगुती खानावळ-वजा-मुक्काम घ्या. रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी दहा-पंधरा हजार येन किंवा थोडं वर. हॉटेलच्या सवयीने गेलात तर काही गोष्टी खटकतील, म्हणून आधीच सांगतो. पाचच्या आत पोचायचं. जेवण सहाला, साडेसहाला नाही. उशीर होणार असेल तर फोन करायचाच. न्हाणीघर सगळ्यांचं मिळून एक असतं, पाळीपाळीने वापरायचं. अंग बाहेर साबणाने धुवायचं आणि मग स्वच्छ अंगाने गरम पाण्याच्या हौदात बसायचं. तेच पाणी पुढच्या माणसासाठी राहतं, उपसून सोडायचं नाही. संडास बहुधा खोलीबाहेर, जिना उभा आणि अरुंद, भिंती कागदाच्या. झोपायला तातामी चटईवर फुतोन नावाची गादी. आईंना जमिनीवरून उठणं अवघड असेल तर आरक्षणाच्या वेळीच तळमजल्याची खोली आणि बसायला छोटी खुर्ची मागा. पलंगच हवा असेल तर त्सुमागोचा नाद सोडा आणि त्याऐवजी नाराई पाहा.

नाराईचा पर्याय खरोखर चांगला आहे. हे याच रस्त्यावरचं मुक्कामाचं गाव, किलोमीटरभर लांब, बऱ्यापैकी सपाट, आणि नियमाला अपवाद म्हणून स्टेशन अगदी गावाच्या टोकाशी. टोकियोच्या शिंजुकूहून आझुसा एक्स्प्रेसने शिओजिरी, तिथून लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. लोकल मात्र तास-दोन तासांनी एक. तिथून पुढे मात्सुमोतोला जाऊन घाटातल्या बसने थेट ताकायामा गाठता येतं. चालण्याची वाट हुकते, पण आईंचा दिवस सुखाचा जातो. तुमच्या जागी मी असतो तर आईंना विचारून मगच दोघांतलं एक निवडलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी सहा-सातला त्सुमागोतून एक फेरी मारा, नाश्ता करा आणि बसने नागिसो स्टेशन गाठा. आता बहुतेक प्लॅनर तुम्हाला परत नागोयाला नेऊन तिथून ताकायामाची हिदा एक्स्प्रेस देतात. त्यात चूक नाही, पण आडवाट जवळची आहे: नागिसोहून रेल्वेने नाकात्सुगावा आणि पुढे ताजिमी, तिथून ताइता नावाच्या छोट्या लाईनवर अर्ध्या तासात मिनो-ओता, आणि तिथे हिदा पकडायची. मोबाइलच्या नकाशाला ‘नाकात्सुगावा ते ताकायामा’ विचारलं की दोन्ही रस्ते दिसतील. गाड्यांचा मेळ ज्यात नीट बसतो तो घ्या. नागोयाहून हिदा घेतलीत तर घाबरू नका: गिफूपर्यंतची वीसेक मिनिटं सीट गाडीच्या उलट्या दिशेला असतात, कारण गिफूला गाडीची दिशा बदलते आणि मग सगळे सुलटे होतात. मिनो-ओतानंतर हिदा नदी सतत सोबतीला असते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. या पट्ट्यात मोबाइल खाली ठेवा.

छोट्या स्टेशनांवर सुईका किंवा इकोका या आधी पैसे भरून वापरायच्या कार्डांच्या भरवशावर राहू नका. ही कार्डं एका विभागातून आत जाऊन दुसऱ्या विभागात बाहेर पडायला चालत नाहीत. टोकियो, क्योटोच्या शहरी फिरण्यासाठी कार्ड, लांबच्या प्रवासाला कागदी तिकीट, असा साधा नियम ठेवा.

ताकायामात दोन रात्री. सान्माची या जुन्या पेठेत साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) भट्ट्या आहेत, दारावर देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला दिसला की समजा भट्टी आली. नवी साके आली की हिरवागार गोळा लावतात. महिने जातात तसा तो तपकिरी होत जातो. नदीकाठचा सकाळचा बाजार, आणि ताकायामा जिन्या हे शोगुनाच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी सत्ताधीशाच्या, कारभाराचं कार्यालय, मूळ इमारतीसह टिकून राहिलेलं त्या प्रकारचं एकमेव. तांदूळ साठवण्याचं कोठार आणि चौकशीची खोली दोन्ही पाहा. महसूल आणि मार एकाच छपराखाली. नाश्त्यानंतरच्या भुकेला मिताराशी दांगो आहेत. इतरत्र ते गोड पाकातले असतात, इथे नुसत्या सोया सॉसमध्ये भाजलेले, खारट. मधल्या दिवशी दुपारी रेल्वेने पंधरा मिनिटांवरच्या हिदा-फुरुकावाला जा. पांढऱ्या भिंतींची कोठारं, बाजूच्या पाटात पोहणारे रंगीत कार्प मासे, आणि ताकायामाच्या मानाने गर्दी अगदीच कमी. ९-१० ऑक्टोबरच्या उत्सवाच्या आसपास ताकायामात खोली मिळणं दुरापास्त असतं. तुमची दिवाळी त्यानंतर येते हे बरं.

सहाव्या दिवशी शिराकावागोमार्गे कानाझावा. शिराकावागोला रेल्वे नाहीच. ताकायामाहून बसने ५० मिनिटं, तिथून कानाझावाला सव्वा तास किंवा थोडं जास्त. दोन्ही टप्प्यांची बस आधी आरक्षित करा, मध्ये तीन तास ठेवा, बॅगा बस टर्मिनलवर ठेवता येतात. मोठ्या बॅगा पुन्हा पुढे क्योटोला पाठवून दिल्यात तर उत्तम. इथली उभ्या गवती छपरांची गाश्शो-झुकुरी घरं १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. साठेक अंशांची उभी छपरं बर्फ घसरून जावा म्हणून, एवढं सगळे सांगतात. पण एखाद्या घरात तिकीट काढून वरच्या माळ्यावर जरूर जा. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या आहेत, खालच्या चुलीची ऊब आणि धूर वर जावा म्हणून. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. धुराने गवती छप्परही कीड न लागता टिकायचं. आणि खाली, जमिनीच्या पोटात, बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करत. आडगाव म्हणून गरीब, साधंभोळं अशी जी कल्पना आपण करून घेतो, ती त्या माळ्यावर उभं राहिलं की निघून जाते. लोक आजही तिथे राहतात, अंगणात शिरून फोटो काढू नका.

कानाझावा हे खरं तर शहर, पण युद्धात बॉम्बहल्ल्यातून सुटलेलं, म्हणून सामुराईंचा नागामाची मोहल्ला आणि नाच-गाण्याने मनोरंजन करणाऱ्या गेइशांची हिगाशी चाया पेठ शिल्लक राहिली. हिगाशी चायाला दुकानं बंद झाल्यावर, सहानंतर जा. दुसऱ्या दिवशी पहाटे केन्रोकुएन बागेत जा. तिकीटखिडकी उघडण्याआधीच्या ठराविक वेळात प्रवेश फुकट असतो, फक्त वेळ संपायच्या आत बाहेर पडायचं. १ नोव्हेंबरपासून माळी पाइनच्या फांद्यांना वरून दोर बांधायला लागतात, बर्फाच्या ओझ्याने त्या मोडू नयेत म्हणून. तुमची तारीख जुळली तर दोर बांधणारी माणसं शिडीवर दिसतील.

तिथून क्योटोला पूर्वी एकच थेट गाडी होती. मार्च २०२४ पासून शिन्कान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली आणि आता तिथे गाडी बदलावी लागते. शिन्कान्सेन तिसऱ्या मजल्यावर थांबते, थंडरबर्ड एक्स्प्रेस त्याच इमारतीत तळमजल्यावर. जोडगाडीसाठी मिळणारी मिनिटं मोजकीच असतात आणि लोकांचा लोंढा एकदम सरकत्या जिन्याकडे जातो. आईंसोबत असाल तर मुद्दाम पुढच्या थंडरबर्डचं तिकीट काढा. थंडरबर्डमध्ये डावीकडची खिडकी घ्या, बिवा सरोवर त्या बाजूला.

क्योटोबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच म्हणेन की तिथेही सकाळी सातला घराबाहेर पडा, आणि गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे, ती पाळा. लाल पानांचा बहर क्योटोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो; किसो-ताकायामात ऑक्टोबरच्या शेवटापासूनच, उंचीमुळे. दिवाळी लवकर असो वा उशिरा, दोन्हींपैकी एक कुठेतरी सापडण्याची शक्यता चांगली. ३ नोव्हेंबरची सरकारी सुट्टी शनिवार-रविवारला लागून येत असेल तर तेवढे दिवस ताकायामा टाळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक (जपानी लोकांच्या लागोपाठ सुट्ट्या) सोडून मेचा मधला पंधरवडा घ्यावा. जूनमध्ये तिथे पाऊस सुरू होतो.

आता पास. सात दिवसांचा देशव्यापी जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तुमच्या मार्गाची सुटी तिकिटं, टोकियो-नागोया ११,००० च्या वर, किसोतले टप्पे, ताकायामापर्यंतची हिदा, मग क्योटोपर्यंत साताठ हजार, आणि शेवटी विमानतळाची हारुका, असं सगळं मिळून माणशी तीस हजार येनच्या थोडं इकडे-तिकडे. शिराकावागोची बस त्या पासात नाहीच, नोझोमीला वेगळे पैसे. तेव्हा देशव्यापी पास घेऊ नका. नागोया-ताकायामा-शिराकावागो-कानाझावा-क्योटो-ओसाका या पट्ट्याचा पाच दिवसांचा ताकायामा-होकुरिकु पास आहे, त्यात ती बसही येते. तो मी २०,००० येनच्या आत पाहिलेला आहे. किसो वगळून नागोयाहून सरळ ताकायामाला जाणाऱ्याला आणि पाच दिवसांत विमानतळ गाठणाऱ्याला तो परवडतो. तुमचा मुक्काम त्यापेक्षा एक दिवसाने लांबतो, आणि फायदा तिथेच निसटतो.

ज्यांचं विमान जाता-येता ओसाकाचंच आहे त्यांनी हा सगळा मार्ग सोडून ओकायामाकडे जावं. तिथून वीस मिनिटांच्या आत कुराशिकी, कालव्याकाठची पांढरी कोठारं, विलो झाडं, सपाट रस्ते, स्टेशनपासून चालत. आणि ओकायामाची कोराकुएन बाग पुणेकरांना ओळखीची वाटेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं आहे.

जेवणाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. मांस टाळणं सोपं, अडचण दाशीची: जवळजवळ प्रत्येक रश्शाच्या, सॉसच्या मुळाशी सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. नुसतं ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असं कळवलंत तर मासा काढून दाशी ठेवतील, आणि ती त्यांच्या दृष्टीने लबाडी नसते. मिन्शुकूला आरक्षणाच्या वेळीच जपानी भाषेत यादी पाठवा: मांस नाही, मासे नाहीत, दाशी नाही, सुक्या माशाची कात्सुओबुशी नाही, अंडी-दूध चालतं की नाही तेही. काही ठिकाणी जमणार नाही म्हणून कळवतील. वाईट वाटून घेऊ नका, दुसरं घर शोधा किंवा फक्त खोली घ्या. मात्र फक्त खोली घेतलीत तर रात्रीचं जेवण सोबत असायलाच हवं, त्सुमागोत संध्याकाळी उघडं हॉटेल मिळेल या आशेवर जाऊ नका. साधा गरम भात सगळीकडे उत्तम मिळतो. मेतकूट, कोरड्या चटण्या, लोणच्याची छोटी बाटली आणि थेपले न्या. ताटात स्वतःचं काही घेण्याआधी घरमालकिणीला विचारा, हसून हो म्हणतात. मांसाचे पदार्थ आणि फळं-भाज्या मात्र जपानमध्ये नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सोबा नूडल्सचा सॉसही दाशीचाच असतो. नागानो भागात भाजी भरलेली ओयाकी मिळते, पुरणपोळीच्या उंड्यासारखी दिसते, तिच्यातही आत काय ते विचारून घ्या. क्योटोत एकदा देवळाच्या परंपरेतलं शोजिन रयोरी जेवा. ते मुळातच मांस-मासळीशिवायचं.

रोख पैसे जवळ ठेवा. लहान गावात कार्ड चालेलच असं नाही. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या आणि पोस्टाच्या एटीएममधून आपली कार्डं चालतात, पण त्सुमागोत रात्री ते शोधत फिरू नका, नागोयालाच काढून घ्या.

आरक्षणाचा क्रम: सगळ्यात आधी त्सुमागोची खोली, कारण तिथे खोल्या मुळात थोड्या. ती मिळाली त्या तारखेभोवती बाकीचं बसवा, मग ताकायामा, मग विमान. बहुतेक रेल्वे आरक्षणं आणि शिराकावागोच्या बस प्रवासाच्या एक महिना आधी खुल्या होतात. रेल्वेची वेळ जपानमध्ये सकाळी दहाची, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. गजर लावा.

व्हिसा भारतीयांना लागतोच. एप्रिल २०२४ पासून पर्यटकांसाठी ई-व्हिसा आहे, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच. तो दाखवताना विमानतळावर मोबाइलवर थेट संकेतस्थळावरून उघडावा लागतो. छापील कागद, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यामुळे तिघांचेही फोन चार्ज केलेले आणि उतरल्या उतरल्या इंटरनेट चालू असू द्या. आईंचा व्हिसा त्यांच्या फोनवर उघडत नसेल तर तुमच्या फोनवर त्यांच्या अर्जाचं लॉगिन आधी करून ठेवा, इमिग्रेशनच्या रांगेत पासवर्ड आठवत बसायला नको.